सहकुटुंब सोल: आधी काय, मग काय

माझ्या ओळखीतली पाच-सहा कुटुंबं गेल्या दोन वर्षांत कोरियाला जाऊन आली. परतल्यावर प्रत्येकाच्या तोंडी तेच रडगाणं होतं. राजवाड्यापाशी गेलो तर तो बंद, आईंना खायला काही मिळालं नाही, खरेदीवरचा टॅक्स परत मिळतो हे शेवटच्या दिवशी कळलं, मुलं चालून चालून रडकुंडीला आली. पैसे कमी पडले म्हणून यातलं काहीच झालं नव्हतं. जे आधी करायचं ते नंतर केलं, एवढंच.

म्हणून हा लेख क्रमानेच लिहिते आहे. नवरा-बायको, दोन मुलं आणि एक आजी किंवा आजोबा, पाच ते सहा पूर्ण दिवस आणि मुक्काम फक्त राजधानी सोलमध्ये, असं धरलं आहे. पहिल्याच खेपेला बुसान आणि जेजू बेट त्यात कोंबू नका. सामान उचलण्यातच दोन दिवस जातात.

१. तारखा ठरवणे

आपल्या शाळांच्या सुट्ट्यांत बसणारा सर्वांत चांगला काळ दिवाळीचा. ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, या दिवसांत सोलमध्ये मेपल लाल आणि गिंको पिवळाधमक झालेला असतो. हवा महाबळेश्वरच्या डिसेंबरसारखी, कधी थोडी जास्तच थंड. मे महिनाही छान, फक्त ५ मे टाळा. तो तिथला बालदिन असतो आणि त्या दिवशी करमणूक पार्कांत पाय ठेवायला जागा नसते. चेरीचा बहर साधारण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येतो, पण तेव्हा आपल्याकडे परीक्षा. जूनच्या शेवटापासून जुलैभर पाऊस, आणि जानेवारीत पारा उणे दहाच्या खाली जातो.

दोन सण मात्र कॅलेंडरवर आधी शोधा. चुसोक पौर्णिमेला येतो, कधी आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या सुमारास तर कधी कोजागरीच्या. सोल्लाल म्हणजे चांद्र नववर्ष, जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. या दोन्ही सणांना सोलचे लोक गावी जातात, घरगुती खानावळी आणि छोटी दुकानं बंद असतात. ज्यांना खायला-फिरायला जायचंय त्यांनी ते दिवस सोडून द्यावेत.

तपासा: तुम्ही कोणत्या *वारी* उतरता आणि कोणत्या वारी निघता, ते कागदावर लिहून ठेवा. पुढची सगळी आखणी त्यावर आहे.

२. व्हिसा, आणि त्याआधीची कागदं

सर्वांत महाग चूक इथे होते. तिकिटं स्वस्त दिसली म्हणून लोक परतावा न मिळणारी तिकिटं काढून मोकळे होतात आणि मग व्हिसाच्या मागे लागतात. क्रम असा ठेवा:

१. सगळ्यांच्या पासपोर्टची मुदत बघा. सहा महिन्यांहून कमी उरली असेल तर आधी नूतनीकरण.
२. नात्याचे पुरावे जमवा: मुलांचे जन्मदाखले, विवाह प्रमाणपत्र.
३. बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, नोकरीचं पत्र आणि रजेचं पत्र.
४. विमान आणि हॉटेल यांचं *रद्द करता येईल असं* बुकिंग.
५. अर्ज.
६. व्हिसा हातात आल्यावर पैसे भरून पक्की तिकिटं.

लागणाऱ्या कागदांची यादी वकिलातीच्या संकेतस्थळावरून त्याच आठवड्यात उतरवून घ्या. चुलतभावाने मागच्या वर्षी वापरलेली यादी जुनी झालेली असू शकते.

आपल्याकडे घोळ हमखास होतो तो नावांचा. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव, आईच्या पासपोर्टवर सासरचं. आजींच्या पासपोर्टवर 'शांता', मुलाच्या पासपोर्टात आईचं नाव 'शांताबाई'. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण अर्ज तपासणाऱ्याला या दोन वेगळ्या बायका दिसतात. विवाह प्रमाणपत्र जोडा आणि अर्जासोबतच्या पत्रात दोन ओळींत खुलासा करा.

सावध: के-ईटीए नावाचा ऑनलाइन परवाना व्हिसामुक्त देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीय पासपोर्टधारकाने तो काढण्याच्या भानगडीत पडू नये, आपल्याला व्हिसाच लागतो. जेजूला व्हिसा लागत नाही हे ऐकून कुणी तिथून सोलला जायचा बेत केला असेल, तर ती सवलत त्या बेटापुरतीच आहे.

व्हिसा मिळाल्यावर आणखी एक काम उरतं, ते ई-अरायव्हल कार्डाचं. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचं असतं आणि *फुकट* असतं. पैसे मागणारं संकेतस्थळ उघडलं असेल तर तुम्ही चुकीच्या ठिकाणी आहात. हॉटेलचा पत्ता त्यात द्यावा लागतो, तो जवळ ठेवा.

३. मुक्कामाची जागा

सोलमधल्या हॉटेलांच्या खोल्या दोघांसाठी बेतलेल्या असतात. 'ट्रिपल' म्हणून मिळते तीत तिसरा पलंग अंग चोरून बसलेला असतो, बॅग उघडायची तर ती पलंगावरच. पाच जणांनी दोन खोल्या घ्याव्यात आणि त्या शेजारी-शेजारी हव्यात असं बुकिंगच्या वेळीच कळवावं.

कुठे राहायचं याबद्दल माझं मत असं. आजी-आजोबा बरोबर आणि पहिलीच खेप असेल तर म्योंगदोंग किंवा त्याला लागून असलेलं उलजिरो. खाणं, खरेदी आणि विमानतळाच्या बस, सगळं हाताशी. कॉलेजवयीन मुलं असतील तर ती होंगदेसाठी हट्ट धरतील. विमानतळाची साधी रेल्वे तिथे थेट थांबते हे खरं, पण शुक्रवार-शनिवारच्या रात्री तिथे झोप लागणं कठीण. इन्सादोंग-जोंगनो शांत, राजवाडे चालत जाण्याच्या अंतरावर, आणि शाकाहारी खाणंही जरा बरं मिळतं.

बुकिंग करण्याआधी तीन गोष्टी नकाशावर बघा. सर्वांत जवळच्या मेट्रो स्टेशनचा *कितवा एक्झिट*? त्या एक्झिटला लिफ्ट आहे का? आणि तिथून हॉटेलपर्यंत चढ आहे का? लिफ्ट बहुधा एक-दोन एक्झिटनाच असते. म्योंगदोंगची नामसान डोंगराकडची बाजू चांगलीच चढाची आहे. नकाशावर चारशे मीटर दिसतात, पण गुडघेदुखीच्या माणसाला ते पर्वती वाटतात.

४. निघण्याआधीचा आठवडा

फोन: गूगल मॅपच्या भरवशावर कोरियात पायी फिरू नका. पायवाटेचं मार्गदर्शन तिथे अनेक वर्षं नीट चालत आलेलं नाही. नेव्हर मॅप घ्या, त्यात इंग्रजी आहे. भाषांतरासाठी पापागो, टॅक्सीसाठी काकाओ टी. तिन्ही इथेच उतरवून, उघडून, हॉटेल आणि रोजची ठिकाणं जतन करून ठेवा. विमानतळावर मुलं पेंगत असताना हे करणं म्हणजे शिक्षा.

पैसे: कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं. तरी मंडया, रस्त्यावरच्या गाड्या आणि बस-मेट्रोच्या टी-मनी कार्डाचं रिचार्ज यांसाठी रोख लागते. रुपये नेऊन तिथे बदलू नका, दर फार वाईट मिळतो. डॉलर न्या, विमानतळावर गरजेपुरतेच बदला आणि उरलेले म्योंगदोंगच्या मनी चेंजरकडे. वॉन या तिथल्या चलनाच्या हिशेबासाठी सोपी युक्ती: तीन शून्यं उडवायची आणि साठने गुणायचं. १०,००० वॉन म्हणजे सहाशे रुपयांच्या थोडं वर.

वीज: २२० व्होल्ट, आपल्यासारखीच, पण सॉकेट दोन गोल भोकांचं. आपली तीन पिनांची प्लग बसत नाही. दोन अडॅप्टर आणि एक एक्स्टेंशन बोर्ड.

औषधं: मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध मुळीच नेऊ नका, तिथले अमली पदार्थांचे नियम कडक आहेत.

शिदोरी: थेपले, गरम पाणी ओतून होणारे पोहे-उपमा, चटणी, भाजके दाणे. ताजी फळं, भाज्या आणि कसलाही मांसाचा पदार्थ नेता येत नाही. मे महिन्यात कुणाच्या तरी पिशवीत हापूसचे चार आंबे निघतातच. ते घरीच खाऊन निघा.

५. उतरल्यावरचे पहिले दोन-तीन तास

कोरिया आपल्याहून साडेतीन तास पुढे. मुंबई-पुण्याहून बहुतेक जण बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे रात्रभर प्रवास करून पोहोचतात, म्हणजे सगळे अर्धवट झोपेत. त्यामुळे इथे डोकं चालवावं लागू नये, क्रम पाठ असावा:

१. इमिग्रेशन आणि सामान झालं की आधी सिम सुरू करा.
२. सुविधा दुकानातून (सीयू, जीएस२५, सेव्हन-इलेव्हन यांपैकी कुठलंही) माणशी एक टी-मनी कार्ड घ्या.
३. मुलांची कार्डं तिथेच, पासपोर्ट दाखवून, जन्मतारखेसह नोंदवून घ्या.
४. कार्डांत पैसे भरा.
५. मग बस किंवा रेल्वे.

तिसरी पायरी बहुतेक जण विसरतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना मेट्रोला ५५० वॉन पडतात, मोठ्यांना १,५५०. नोंदणी नसेल तर मुलाचंही मोठ्यांचंच भाडं कापलं जातं. सहा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर फुकट.

शहरात जायला विमानतळाची एक्सप्रेस रेल्वे टर्मिनल १ पासून ४३ मिनिटांत सोल स्टेशनला नेते. ऐकायला छान वाटतं, पण सोल स्टेशनात ती खोल जमिनीखाली उतरवते आणि पुढच्या मेट्रोपर्यंत सामानासकट बरंच चालावं लागतं. चार बॅगा आणि आजी असतील तर लिमोझिन बस, म्हणजे विमानतळाची मोठी बस घ्या. माणशी साधारण १७-१८ हजार वॉन पडतात, बॅगा पोटात जातात, आजी खिडकीशी बसून झोपतात आणि बस हॉटेलाजवळ सोडते. पाच जण आणि सामान साध्या टॅक्सीत मावत नाही.

हॉटेलची खोली बहुधा दुपारी तीनला मिळते. सकाळी पोहोचलात तर बॅगा काउंटरवर ठेवून द्या आणि जवळपासच फिरा. त्या दिवशी तिकीट काढून बघायचं काहीही ठेवू नका.

*मेट्रोबद्दल चार गोष्टी, उभ्या उभ्या:* एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. बसमधून *उतरतानाही* कार्ड लावायचं, तरच अर्ध्या तासात पुढची मेट्रो किंवा बस धरल्यास भाड्यात सवलत मिळते. जुन्या स्टेशनांत दोन दिशांचे दरवाजे वेगळे असतात, कार्ड लावण्याआधी पाटी वाचा. चुकून उलट्या बाजूला आत गेलात, तर बाहेर येऊन १५ मिनिटांत त्याच मार्गावर परत आत शिरल्यास पुन्हा भाडं पडत नाही. आणि डब्याच्या टोकाच्या जागा वृद्धांच्या, गुलाबी जागा गरोदर बायकांच्या. त्या रिकाम्या दिसल्या तरी आपण बसायचं नाही, आजींनी मात्र खुशाल बसावं.

मोठ्यांसाठी क्लायमेट कार्ड नावाचा, हव्या तेवढ्या फेऱ्यांचा पासही मिळतो, पाच दिवसांचा १५,००० वॉनला. दहा फेऱ्यांत वसूल होतो. विमानतळावरून निघताना तो चालत नाही, म्हणून शहरात पोहोचल्यावर सुरू करा.

६. ठिकाणं वारांप्रमाणे लावणे

आता आमची एका मंगळवारची गोष्ट. सकाळी नऊला दोन मुलं, नवरा आणि सासूबाई यांना घेऊन मी ग्योंगबोकगुंग राजवाड्याच्या भल्या थोरल्या दरवाज्यासमोर उभी होते, आणि दरवाजा बंद. तिथे कोरियन पोशाख घालून फिरायचं म्हणून मुलीने आदल्या रात्री केसांचा सराव करून ठेवला होता. ग्योंगबोकगुंग *दर मंगळवारी* बंद असतो हे मी कुठे बघितलंच नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, सारसबागेत जायचं असलं तरी आपण विचारून निघतो." त्यानंतर मी ठिकाणांची यादी सोडली आणि वारांचा तक्ता करायला लागले.

सोमवार: चांगदोकगुंग, देओकसुगुंग आणि चांगग्योंगगुंग हे राजवाडे बंद. युद्धस्मारकही बंद.
मंगळवार: ग्योंगबोकगुंग आणि जोंगम्यो (राजघराण्याच्या पूर्वजांचं मंदिर) बंद.
शनिवार-रविवार: लोट्टे वर्ल्ड आणि एव्हरलँड ही करमणूक पार्कं टाळा.
रविवार: नामदेमुन बाजारातली बरीचशी दुकानं बंद. दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी बरीच मोठी मार्टही बंद.
सगळे वार: राष्ट्रीय संग्रहालय उघडं. इचोन स्टेशनजवळ आहे, कायमची दालनं फुकट. पावसाचा दिवस इथे घालवायचा.

तक्ता झाला की एका दिवसात एकच भाग घ्या. लोक सकाळी राजवाडा, दुपारी जामसिल, संध्याकाळी होंगदे असं लिहितात आणि तीन तास मेट्रोत घालवतात.

राजवाड्याचा दिवस (बुधवार ते रविवार). सकाळी नऊच्या आसपास हानबोक, म्हणजे कोरियन पारंपरिक पोशाख, भाड्याने घ्या. तो घातलेल्यांना राजवाड्यात प्रवेश फुकट, एरवी मोठ्यांना ३,००० वॉन. भाडं तासांवर असतं, म्हणून *आधी पोशाख, मग राजवाडा, मग बुकचोनची जुनी वस्ती, शेवटी जेवण* हा क्रम मोडू नका. जेवण मध्ये घातलंत तर तास वाढतात आणि त्या घेरदार झग्यावर काही सांडलं तर भुर्दंड वेगळा. पहारेकऱ्यांची बदली दहा वाजता असते, पावणेदहाला जागा धरा. दुसरी दोन वाजता होते, पण तोवर मुलं कंटाळलेली असतात.

आमच्या सासूबाई आधी नको नको म्हणत होत्या. दुकानातल्या बाईने त्यांच्यासमोर जांभळा झगा धरला, कंबरेऐवजी छातीशी त्याचे बंद बांधले. सासूबाईंनी आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "नऊवारीपेक्षा सुटसुटीत आहे हो." पुढचे तीन तास त्या आमच्या पुढे चालत होत्या.

सावध: बुकचोनमध्ये लोक राहतात. तिथल्या मुख्य गल्ल्यांत पर्यटकांना सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढाच वेळ परवानगी आहे आणि नियम मोडला तर १ लाख वॉन दंड होतो. 'संध्याकाळच्या उन्हात फोटो' हा बेत तिथे चालत नाही.

नामसानचा दिवस. दुपारनंतर केबल कार, वरून अंधार पडताना शहर बघायचं आणि उतरून म्योंगदोंगच्या खाण्याच्या गाड्यांवर. या गाड्या संध्याकाळी लागतात. सकाळी अकराला जाऊन "इथे तर काहीच नाही" म्हणणारे मी पाहिले आहेत.

जामसिलचा दिवस. मंगळवार किंवा बुधवार उत्तम. मुलं लोट्टे वर्ल्डमध्ये, आणि ज्यांना झोपाळे सोसत नाहीत त्यांनी शेजारच्या ५५५ मीटर उंच टॉवरवर किंवा तळ्याकाठी बसावं. सगळ्यांनी सगळं केलंच पाहिजे असं नाही.

हान नदीचा दिवस मोकळा ठेवा. बान्पो पुलाचं रंगीत कारंजं साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतं. दिवाळीत गेलात तर ते नसेल असंच धरून चाला.

७. खाण्याचं

सहल इथेच बिघडते, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट वेळ. बरीच उपाहारगृहं दुपारी तीन ते पाच बंद असतात. आपली सुट्टीतली सवय अशी की उशिरा उठायचं, अकराला नाश्ता आणि साडेतीनला भूक. नेमकं तेव्हाच सगळी दारं लागलेली. दुपारचं जेवण बारा-साडेबारालाच उरका आणि पिशवीत काही तरी ठेवाच. अगदीच अडलं तर सुविधा दुकान. तिथे गरम पाणी आणि मायक्रोवेव्ह असतं, नेलेले पोहे तिथे भिजवता येतात. आधी काही तरी विकत घ्यावं, हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट माणशी ऑर्डर. दोन थाळ्या मागवून पाच जणांनी वाटून खाणं तिथे रूढ नाही. काही पदार्थ तर कमीत कमी दोघांचेच मिळतात. त्याच्या बदल्यात सोबतच्या छोट्या वाट्या, म्हणजे बानचान, परत परत मागितल्या तरी पैसे पडत नाहीत. चमचे-काड्या बहुधा टेबलाच्या कडेच्या खणात असतात, लोक त्या मागत बसतात. टिप द्यायची नाही. पाणी आपणच घ्यायचं. पाण्याला कोरियनमध्ये 'मुल' म्हणतात, त्यावर आमच्याकडे चार दिवस विनोद झाले.

तिसरी आणि अवघड गोष्ट शाकाहार. नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही, कारण तिथे मांसाचे तुकडे दिसत नसले की पदार्थ भाज्यांचाच समजला जातो. कुठे काय लपलेलं असतं ते बघा:

किमची (आंबवलेली भाजी): बहुतेक वेळा माशांचा रस किंवा खारवलेली कोळंबी.
सूप, रस्सा: म्योलची म्हणजे सुकी छोटी मासळी, किंवा मांसाचं पाणी, ज्याला युकसु म्हणतात.
त्तोकबोक्की: तांदळाच्या लांबट वड्या, पण सोबत माशाच्या पट्ट्या आणि रस्सा मासळीचा.
गिमबाप: भाताच्या गुंडाळीत हॅम.
पाकिटातल्या शेवया: मसाल्यात बऱ्याचदा गोमांसाची पूड.
बिबिमबाप: भाज्या घातलेला भात, पण वर खिमा आणि अंडं, दोन्ही काढायला सांगता येतं.

म्हणून निघण्याआधी घरीच ठरवा की कोण कुठवर चालवून घेणार. अंडं चालेल? रश्श्यात मासळी चालेल? आजींना काहीच चालत नसेल तर त्यांचं एक जेवण रोज शाकाहारी ठिकाणी, आणि बाकीच्यांनी दुसऱ्या वेळी हौस भागवावी. पाचही जणांचं समाधान एकाच टेबलावर करायला गेलात की भांडणं होतात.

'मांस, मासे, कोळंबी, मासळीचा रस्सा, अंडं चालत नाही' एवढं वाक्य कोरियन लिपीत मोठ्या अक्षरांत छापून न्या. बोलायला दोनच वाक्यं पुरतात: 'गोगी प्पे जुसेयो', म्हणजे मांस काढून द्या, आणि 'आन मेपगे हे जुसेयो', म्हणजे तिखट करू नका. दुसरं वाक्य आम्ही कोल्हापूरचे म्हणणाऱ्यांनीही पाठ करावं, निदान मुलांसाठी.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी बौद्ध मठांचं जेवण आहे. त्यात मांस नसतंच, शिवाय लसूण-पातीचा कांदा हे उग्र वासाचे पदार्थही वर्ज्य असतात. जोग्येसा मंदिरासमोरच्या बालवू गोंगयांगमध्ये ते मिळतं. महाग आहे, आधी जागा राखून ठेवावी लागते. जैनांनी लक्षात घ्यावं की बटाटा, मुळा, कमळकाकडी त्यात चालतात.

रस्त्यावर बिनधास्त खाण्यासारखं: भाजलेलं रताळं, भाजलेले चेस्टनट, काडीवरचा गोल चिरलेला बटाटा, आणि होत्तोक. होत्तोक म्हणजे तव्यावर दाबून तळलेली, आत वितळलेल्या साखरेची पोळी. पहिला घास सावकाश घ्या, पाक जिभेवर चटका देतो. बुंगओप्पांग दिसायला मासा, आत मात्र लाल घेवड्याचं गोड पुरण. आजींना आधी तोडून दाखवा.

ग्वांगजांग बाजारात भिजवलेले मूग दगडी जात्यातून वाटताना समोर दिसतात आणि तिथेच त्यांची जाड धिरडी तळतात, त्यांना बिनदेत्तोक म्हणतात. काहींत डुकराचं मांस घालतात, विचारून घ्या. भाव पाटीवर बघा, किती प्लेट हव्यात ते बोटांनी दाखवा आणि मगच बाकावर टेका.

मासे खाणाऱ्या मालवणी-गोवेकर मंडळींची मात्र चंगळ आहे. दोंगदेमुनजवळच्या भाजलेल्या माशांच्या गल्लीत गोदुंगओ मागा. आपल्या बांगड्याचा तो भाऊबंद, मीठ लावून खरपूस भाजलेला, बरोबर भात. तिखट नसतं, तेव्हा शिदोरीतली चटणी काढा.

८. खरेदी

पहिल्या दिवशी फक्त बघा, भाव लिहा. ऑलिव्ह यंगमधली सनस्क्रीन आणि देसोमधली बारीकसारीक वस्तू (देसोत बहुतेक गोष्टी १,००० ते ५,००० वॉनच्या आत) सोलभर मिळतात. त्या पहिल्याच दिवशी घेऊन पाच दिवस वागवू नका. मुख्य खरेदी *निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी* करा, म्हणजे रात्री बॅगा तोलायला वेळ उरतो.

टॅक्स परतीची पद्धत:

१. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, छायाप्रत चालत नाही.
२. एका बिलात किमान १५,००० वॉनची खरेदी हवी. म्हणून पाच जणांनी पाच बिलं करण्याऐवजी एकाच्या पासपोर्टवर एकत्र बिल करा.
३. पैसे देण्याआधी 'टॅक्स फ्री' म्हणा. दुकानात लगेच वजावट मिळत असेल तर तीच घ्या. ही सोय एका वेळी १० लाख वॉनच्या आतल्या खरेदीला असते.
४. लगेच मिळत नसेल तर रिफंडची पावती मागून घ्या, आणि सगळ्या पावत्या एकाच पाकिटात.

कर १० टक्के असला तरी परत त्याहून कमीच येतो. तेवढा हिशेब आधीच धरा.

सावध: भुयारी बाजारांत आणि दोंगदेमुनच्या कपड्यांच्या दुकानांत बऱ्याच ठिकाणी घालून बघता येत नाही आणि बदलूनही मिळत नाही. 'फ्री साइज' म्हणजे तिथल्या बारीक मुलींची साइज. आत्यासाठी टॉप घेताना हे ध्यानात ठेवा.

९. परतीचा दिवस

विमानतळावर विमानाच्या वेळेआधी साडेतीन तास पोहोचा. क्रम:

१. रिफंडच्या पावत्या असतील तर *बॅगा देण्याआधी* यंत्रावर पासपोर्ट आणि पावत्या स्कॅन करा. पडद्यावर कस्टम्सकडे जा असं आलं तर वस्तू दाखवाव्या लागतात. मोठ्या रकमेला असं होतंच. बॅग आधीच पट्ट्यावर गेली असेल तर दाखवणार काय?
२. मग बॅगा द्या.
३. सुरक्षा तपासणीआधी हातातल्या पिशव्या पुन्हा बघा. १०० मिलिलिटरहून मोठी टोनरची बाटली, गोचुजांगचा, म्हणजे लाल मिरचीच्या चटणीचा डबा आणि किमचीसुद्धा द्रवात मोडते. मी जावेसाठी घेतलेली किमची इथेच सोडून आले. चूक माझीच, ती चेक-इन बॅगेत हवी होती.
४. इमिग्रेशननंतर रिफंडचे पैसे घ्या.
५. बँकॉक-सिंगापूरला विमान बदलणार असाल तर ड्यूटी फ्रीच्या बाटल्यांची सीलबंद पिशवी मुंबईत उतरेपर्यंत फोडू नका.

राहिली टी-मनी कार्डं. २०,००० वॉनपर्यंतची शिल्लक सुविधा दुकानात ५०० वॉन कापून परत मिळते. आमच्या पाच कार्डांत मिळून चार-पाच हजार उरले होते, त्यासाठी पाचदा ५०० कोण कापून देणार? कार्डावर सुविधा दुकानात खरेदीही करता येते. केळ्याच्या दुधाच्या तीन बाटल्या घेतल्या आणि तपासणीच्या रांगेत शिरण्याआधी तिथेच बाकावर बसून संपवल्या. दोन एकट्या सासूबाईंनी.